लुआटेकमध्ये हरवलेल्या ओळी
लुआटेक म्हणजे टेक ही अक्षरजुळणी प्रणाली आणि लुआ ही प्रोग्रामिंग भाषा यांचा मेळ. अभंगाच्या ओळी मोजण्यासाठी मी तो लुआटेकच्या ‘डायरेक्टलुआ’ आज्ञेतून लुआकडे पाठवला, तेव्हा चार ओळी असूनही उत्तर एक आले, कारण टेक मजकूर वाचतानाच ओळीच्या शेवटाचे रूपांतर साध्या मोकळ्या जागेत करते. मजकूर लुआसाठी सुरक्षित करणारी ‘लुआएस्केपस्ट्रिंग’ ही आज्ञा अवतरणचिन्हे सांभाळते, पण आधीच गेलेला ओळीचा शेवट परत आणू शकत नाही. म्हणून मजकूर वाचण्यापूर्वीच, स्वतंत्र गटात, ओळशेवटाचा कॅटकोड, म्हणजे टेकने त्या चिन्हाला दिलेला वर्ग, ५ (ओळशेवट) वरून १२ (साधे चिन्ह) करावा लागतो. तरीही माझी मोजणी एकावरच अडली. ओळशेवट म्हणून मी १० क्रमांकाचे चिन्ह (लाइन फीड) शोधत होतो आणि टेकने पाठवलेले चिन्ह १३ क्रमांकाचे (कॅरेज रिटर्न) होते. हाच अभंग दुसऱ्या मॅक्रोने (टेकमध्ये स्वतः बनवलेल्या आज्ञेने) आधी वाचून घेतला असेल, तर मात्र कॅटकोड बदलूनही काही उपयोग होत नाही.