तुम्ही विचारलंत म्हणून : आवाज येतो, मग शब्द का कळत नाही?

लातूरच्या मोंढ्यातले वयस्क शेतकरी श्रवणतपासणीसाठी माझ्यापुढे बसले, की बहुधा एकच तक्रार सांगतात : “ऐकू येतंय की, पण काय म्हणतेत ते कळंना.” सौद्याच्या गलबल्यात त्यांना ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू येते. मग दोष कानात की डोक्यात, असे घरची मंडळी हळूच विचारतात.

कानातल्या शंखाच्या, म्हणजे आतल्या वेटोळ्या नळीच्या, पायथ्याशी उंच स्वर टिपले जातात आणि टोकाशी खर्जातले. हा क्रम न विस्कटता मेंदूपर्यंत पोचतो आणि कानशिलाच्या आत, खोल खाचेत दडलेल्या ‘हेश्लची वळी’ नावाच्या मेंदूच्या घडीवर पुन्हा मांडला जातो. हे समजावताना मी पूर्वी पेटीच्या पट्ट्यांची उपमा देत असे; आता देत नाही, कारण या वळीवर खालचे स्वर मध्यभागी आणि उंच स्वर त्यांच्या दोन्ही अंगांना, अशी दुहेरी मांडणी असते. मधला गाभा साध्या स्वरांना चटकन प्रतिसाद देतो, तर बोलण्यासारखे गुंतागुंतीचे ध्वनी भोवतालच्या पट्ट्यांत उलगडतात. ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरक मिलिसेकंदांत मोजावा लागतो आणि तो टिपण्यात सहसा मेंदूच्या डाव्या बाजूचा वाटा मोठा असतो. त्याच बाजूच्या मागल्या भागाला इजा झाली, तर ऐकू येऊनही बोलण्याचा अर्थ लागत नाही, हे जर्मन मेंदूतज्ज्ञ कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्येच मांडले होते.

मोंढ्यातल्या गृहस्थांचे मात्र तसे नसते. वयोमानाने शंखाच्या पायथ्याकडच्या, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी आधी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ‘स’ची बरीचशी ताकद सेकंदाला ४००० कंपनांच्या वर असते, ‘आ’ची त्याहून पुष्कळ खाली, म्हणून ‘साठ’मधला ‘स’ गळतो आणि मेंदूच्या हाती ‘आठ’ उरतो. घरात, शांततेत, मेंदू राहिलेली जागा संदर्भाने भरून काढतो, पण भावाच्या आकड्याला संदर्भ कुठला? आपण ओरडून सांगितले तरी मुख्यतः ‘आ’च मोठा होतो.

एका आजोबांनी मला सांगितले, की हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात त्यांना अजून काहीच अडचण येत नाही : तिथे भाव रुमालाखाली, बोटांवर ठरतो.