सर्व्हिसची वही: जून ते चवथ

जूनमध्ये बॅडमिंटनच्या वहीच्या पहिल्या पानावर चार सर्व्हिस लिहिल्या होत्या: शॉर्ट (नेटला चाटून जवळ पडणारी), फ्लिक (शॉर्टचा आव आणून डोक्यावरून मागे जाणारी), ड्राइव्ह (सपाट, वेगवान), हाय (उंच, लांब). चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, चारही. चवथ झाली, डब्यातल्या नेवऱ्या संपल्या, आणि हाती आहे दीड सर्व्हिस. शॉर्ट एक, फ्लिक अर्धी.

हाय सर्व्हिस पहिल्याच आठवड्यात गळाली. फोंड्याला आमच्या हॉलात एका कोर्टावर दहा जण टपलेले असतात, तिथे सिंगल्स कोण खेळू देणार? आणि डबल्समध्ये सर्व्हिसची मागची रेघ शेवटच्या रेघेच्या 76 सेंटिमीटर आत. म्हणजे शटल पडायला जेमतेम 3.96 मीटर लांबी. तेवढ्यात उंच दिलेलं शटल खाली येईपर्यंत समोरचा स्मॅशसाठी मांड ठोकून उभा.

राहिली बॅकहँड शॉर्ट. खांबांना दोन काठ्या बांधून नेटच्या टेपवर वीतभर उंचीला सुतळी ताणली. शटल टेप आणि सुतळीच्या मधून जाऊन पुढच्या रेघेपलीकडे पडलं तरच गुण. पहिल्या दिवशी वीसपैकी सहा. दोन आठवडे मी मनगटाला दोष देत बसलो. मग एकदा बाकावरून आमचे भाई ओरडले, "अरे, मारता कित्याक? फकत सोड!" (मारतोस कशाला? नुसतं सोड!) भाई साठीचे, धावणं जवळपास बंद, पण त्यांच्या सर्व्हिसवर अजून कुणी तुटून पडत नाही.

त्यांनी माझा अंगठा दाखवला. मुठीवर इतका दाबलेला की नख पांढरं पडलेलं! आवळलेल्या हाताने शटल ढकलता येत नाही, फटकाच बसतो. आता मूठ वर, दांडीजवळ धरतो, बोटं सैल, अंगठा रुंद बाजूला नुसता टेकलेला. रॅकेट मागे नेणं जवळजवळ बंद. शटल पिसांच्या टोकाला चिमटीत, आणि ते आपण टाकायचं नाही; रॅकेट बुचाला लागेपर्यंत चिमटीतच राहू द्यायचं. मी आधी सोडत होतो, म्हणून दर वेळी वेगळ्या उंचीला लागत होतं.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. नेट मध्यभागी 1.524 मीटर उंच, शटल मारायचं 1.15 मीटरच्या खाली. म्हणजे ते चढणारच. पण सगळ्यात उंच जागा नेटच्या अलीकडे, आपल्या बाजूला यायला हवी. टेप ओलांडताना शटल चढतंच असेल तर समोरच्याला आयतं ताट वाढलं समजा.

हा 1.15 मीटरचा नियम 2018 मधला. त्याआधी कंबर, म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी धरत. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून पाहिली. मी पाच फूट तीन इंच, माझी बरगडी त्या खुणेच्या बरीच खाली. बुटक्यांचं भलं करणारा नियम क्वचितच निघतो, मी त्याचा पुरेपूर लाभ घेतोय. आमचा सहा फुटी गडी मात्र कुरकुरतो.

जुलैत पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शटल लागल्याचा आवाजच येईना. त्याचा फायदाच झाला म्हणायचा; सगळं लक्ष बोटांत आलं. महिनाअखेर वीसपैकी तेरा, चवथीच्या आधी सोळा. एक चूक मात्र टाळा: मोडक्या पिसांची जुनी शटलं वापरू नका. ती डुलत जातात आणि आपण नसलेला दोष सुधारत बसतो. माझा एक आठवडा त्यात गेला.

फ्लिक अर्धी का? तयारी शॉर्टसारखीच हवी, फक्त शेवटच्या क्षणी बोटं आवळायची. मी मात्र रॅकेट पुढे नेऊन कणभर थांबत होतो आणि मग हिसका देत होतो. समोरचे फसत होते, मी खूश. भाईंनी एका संध्याकाळी खेळ थांबवून सांगितलं की हा फॉल्ट आहे. रॅकेट एकदा पुढे निघाली की थांबायचं नाही. गेल्या दोन आठवड्यांतले माझे सगळे फ्लिकचे गुण लबाडीचे निघाले. आता न थांबता मारतो आणि कुणीच फसत नाही.

ड्राइव्ह दोनदा मारली, दोन्ही वेळा परत माझ्याच छातीवर आली. सध्या वहीत बंद. हॉलातला एक पोरगा शटल बोटांनी फिरवून स्पिन सर्व्हिस करतो. तिच्यावर 2023 मध्येच बंदी आली, हे त्याला तिघांनी सांगून झालं. मलेशियाचे खेळाडू सिदेक बंधू यांची एस सर्व्हिसही (पिसांच्या बाजूने मारून शटल डगमगवणारी) अशीच 1982 मध्ये बंद झाली होती, पण त्या पोराला त्याचं काय!

वरचे आकडे उजव्या कोर्टातले. डावीकडून काल पहिल्यांदा मोजले: वीसपैकी नऊ. भाईंना अजून सांगितलेलं नाही.