सामाईक घर आणि बीसीसी

गुहागर तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर जेवढी नावे आहेत, तेवढी माणसे गणपतीतसुद्धा घरात एका वेळी मावत नाहीत. हिस्सेदार बोरिवली, डोंबिवली, पुणे असे पांगलेले असल्यामुळे पावसाआधी कौले चाळायची की सरळ पत्रे घालायचे, हा प्रश्न हल्ली ई-मेलवर सुटतो. निदान तशी अपेक्षा असते.

ई-मेलचा पत्ता आमच्याकडच्या माणसाला अवघड वाटू नये. टपालाचा पत्ता आपण नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असा लिहीत जातो, पण टपाल खाते १९७२ पासून शेवटचा पिनकोड आधी पाहते. ई-मेलच्या पत्त्यातही आधी माणूस, मग ॲटचे चिन्ह, मग त्याची पेटी सांभाळणारे डोमेन येते, आणि डोमेनचा शोध शेवटच्या डॉट-इन किंवा डॉट-कॉमपासूनच सुरू होतो. हे ॲटचे चिन्ह रे टॉमलिन्सन या अमेरिकी संगणक अभियंत्याने १९७१ मध्ये माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये बसवले. मात्र वाडीचे नाव चुकले तरी आमचा पोस्टमन घर बरोबर हुडकतो, तसा समजूतदारपणा सर्व्हरकडे नाही. अक्षर चुकले की ई-मेल परत येतो, किंवा भलत्याच्याच पेटीत जाऊन पडतो.

खरी गंमत पत्त्यांच्या तीन रकान्यांत आहे. ‘टू’मध्ये ज्याने उत्तर द्यायचे तो, म्हणजे आमचे थोरले काका. ‘सीसी’मध्ये ज्यांना कळले पाहिजे ते, म्हणजे बाकीचे हिस्सेदार, इथे नावांचा क्रम लागला की मानापमानही लागतो. ‘बीसीसी’मध्ये असलेला माणूस इतरांना दिसत नाही. भाऊबंदकीसाठी याहून सोयीची व्यवस्था कुणी काढली असेल असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या काकांनी पत्र्यांचे दरपत्रक सर्वांना पाठवले आणि आत्याच्या यजमानांना बीसीसीत घातले. त्यांनी सवयीने ‘रिप्लाय ऑल’ दाबून लिहिले, “मी म्हटले होते तसाच मजकूर केलात, छान.” बीसीसीतल्या माणसाचे नाव लपलेले असते, त्याचे उत्तर लपत नाही, ते टू आणि सीसीतल्या प्रत्येकाकडे जाते. थोरल्या काकांचा फोन आला तेव्हा धाकटे काका पाठवलेला ई-मेल परत घेता येईल का, हे मला विचारत होते. येत नाही. जीमेलमध्ये ‘अनडू’ आहे, पण तो गेलेले पत्र परत आणत नाही. पत्र जास्तीत जास्त तीस सेकंद दारातच थोपवून धरतो, एवढेच.

जोडपत्राचा, म्हणजे ‘अटॅचमेंट’चा जाच वेगळा. वासे वाळवीने पोखरल्याचे फोटो काकांना हवे होते, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबी. त्यातही जोडपत्र पाठवताना त्याचे अक्षरांत रूपांतर होत असल्यामुळे ते सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून वीस एमबीचे फोटोसुद्धा अडू शकतात. ते गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा, आणि तो उघडण्याची परवानगी सर्वांना दिली आहे ना हे पाहावे. नाहीतर प्रत्येक काका स्वतंत्रपणे विचारतो की आपल्यालाच का वगळले.

कुणाला गुपचूप कळवायचेच असेल, तर बीसीसीच्या वाटेला न जाता आधी सर्वांना ई-मेल पाठवावा आणि मग ‘सेंट’मधून तोच त्या एकट्याला फॉरवर्ड करावा. मग त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबले तरी उत्तर फक्त आपल्याकडे येते. धाकट्या काकांना हे पटले आहे. पत्र्यांचे अजून ठरायचे आहे.