अकरा विषम आहे ना!

औशाला आमच्या बोळात लाईटीच्या खांबापासून निंबाच्या झाडापर्यंत कडबा बांधायचा सुंभ ताणला की बॅडमिंटनचं कोर्ट तयार. प्लास्टिकचं शटल, त्याला आम्ही फूल म्हणायचो. दिवाळीनंतरची थंडी, आणि लाईट जाईपर्यंत खेळ. सर्व्हिसला फूल हुकलं तर परत, सुंभाला घासून गेलं तर परत, वाऱ्यानं नेलं तरी परत. गेम पंधराचा, आणि पॉइंट मिळणार फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. एवढ्या कायद्यांवर मी बोळाचा चॅम्पियन होतो.

त्या भरवशावर यंदा मार्चमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, लातूरच्या एका हॉलमध्ये सकाळी साडेपाचच्या बॅचला नाव घातलं. ऑफिसची स्पर्धा मेमध्ये होती आणि मी चांगला खेळतो असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच.

पहिल्याच दिवशी पहिलीच सर्व्हिस हुकली. मी हसत शटल उचललं. समोरून आवाज आला, "पॉइंट इकडं." बोलणारे एक निवृत्त गणिताचे शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात. सर्व्हिस करताना रॅकेट फिरवली आणि शटल हुकलं की फॉल्ट. पुढच्या वेळी त्यांची सर्व्हिस नेटला चाटून माझ्या बाजूला पडली. मी सवयीनं "परत" म्हणालो. "परत कशाला? बरोबर चौकोनात पडलं की चालतं." दहा मिनिटांत माझी अर्धी घटना रद्द झाली.

उरलेली अर्धी पॉइंटांत गेली. आता सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली, म्हणजे सर्व्हिसपासूनची टोलवाटोलवी, जिंकणाऱ्याला पॉइंट. २००६ पासून जगभर हेच चालू आहे, फक्त बोळात बातमी पोचली नव्हती. गेम २१ चा, तीनपैकी दोन जिंकायचे. २०-२० झालं की दोनची आघाडी लागते, आणि तसंच ओढत २९-२९ झालं तर तिसावा पॉइंट घेणारा जिंकला. या खेळाला इंग्रज एकेकाळी 'पूना' म्हणायचे, असं सरांनी सांगितलं. म्हणजे नियम एवढे का, याचा उलगडा झाला.

दुसरा धक्का उकाड्याचा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली खेळायचं आणि पंखे बंद, कारण वाऱ्यानं शटल वाहतं. पिसांचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, सोळा पिसांचं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पिसं पटापट तुटतात, म्हणून सर आदल्या रात्री शटलांना वाफ देऊन ठेवतात. सर्दी झालेल्या नातवाला द्यावी तशी.

रेषांनी मला सगळ्यात जास्त छळलं. शटल रेषेवर पडलं तर आत. पण सर्व्हिस करताना किंवा घेताना पाय रेषेवर असेल तर फॉल्ट. एकच रेषा, शटलसाठी आत आणि पायासाठी बाहेर! शिवाय शटल मारलं जाईपर्यंत दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. मी एक पाऊल पुढं टाकत सर्व्हिस करायचो, क्रिकेटच्या बॉलरसारखा. उंचीचंही तसंच. २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत सर्व्हिसचं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली मारावं लागतं. आमच्या हॉलमध्ये मोजपट्टी कुठली, सर जुन्या हिशेबानं शेवटच्या बरगडीकडं बोट दाखवतात. माझी बरगडी शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

एकेरीत उभं कुठं राहायचं हे सोपं आहे. आपला स्कोर सम असेल तर उजव्या चौकोनातून सर्व्हिस, विषम असेल तर डाव्या, आणि शटल नेहमी तिरपं समोर. दुहेरीत मात्र मी दोन आठवडे चकरा मारत होतो. प्रत्येक पॉइंटनंतर आपण जागा बदलायची, अशी माझी समजूत. एकदा पार्टनरसाठी आलेली सर्व्हिस मीच झेपावून मारली. छान मारली, पण पॉइंट गेला. सर्व्हिस ज्याला आली त्यानंच घ्यायची, नंतर कुणीही मारा.

"हे काय करायलाव तुम्ही?" म्हणत शेवटी सर खडूचा तुकडा घेऊन खाली बसले. जागा फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीनं बदलायची, तीही पॉइंट मिळाल्यावर. तोच माणूस दुसऱ्या चौकोनातून पुन्हा सर्व्हिस करणार. समोरचे दोघे हलायचे नाहीत. सर्व्हिस हरली की ती समोर जाते, तेव्हा कुणीच हलत नाही. त्यांचा स्कोर सम असेल तर उजवीकडचा सर्व्हिस करणार, विषम असेल तर डावीकडचा. "तुम्ही कुठं आहात ते स्कोरला विचारा, मला नका विचारू," म्हणाले. दुहेरीची सर्व्हिस मागच्या टोकापर्यंत चालत नाही, ७६ सेंटिमीटर अलीकडच्या रेषेपर्यंतच, हेही तिथंच खडूनं दाखवलं.

मेमध्ये स्पर्धेत पहिल्याच फेरीत आम्ही दुहेरीत उतरलो. पहिला गेम १३-२१. दुसऱ्यात ९-११ वर साठ सेकंदांची विश्रांती झाली. समोरचा पाणी पिऊन आला आणि सर्व्हिसला उजव्या चौकोनात उभा राहिला. मी हात वर केला. "सर्व्हिस त्यांची, अकरा विषम आहे ना?" पंचांनी कागद पाहिला, त्याला डावीकडं पाठवलं. त्यानं तिथून अलगद सर्व्हिस टाकली, माझं शटल नेटमध्ये. १६-२१ नं गेलो घरी.

संध्याकाळी सरांना फोनवर स्कोर सांगितला. हरलो ते त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पंच तुम्हाला विचारून उजवा-डावा ठरवू लागले का?" दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये त्यांनी ती अकराची गोष्ट सगळ्या बॅचला सांगितली, माझी हार वगळून.