फिटनेसची सही

मालवणात जून-जुलैमध्ये माझ्याकडे खलाशांची गर्दी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, त्यामुळे वर्षभर टाळलेले डोळे या दिवसांत दाखवून घेतात. मोतीबिंदू, उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने बुबुळावर वाढत गेलेलं मांस, चाळिशी. गेल्या पावसाळ्यात आलेला हा गडीही ट्रॉलरवरचाच, पण त्याच्या हातात बॉक्सिंगच्या निवड चाचणीचा वैद्यकीय फॉर्म होता. एकेकाळचा राज्य विजेता. (ओळख पटेल असं याहून जास्त लिहीत नाही.) रिंग सोडून बरीच वर्षं झाली होती, आता परत उतरायचं होतं. सोबत बायको.

"डॉक्टरांनू, माका फक्त सही व्हयी," तो म्हणाला. दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली. सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर अगदी चोख.

वयाचा विषय मी काढायच्या आत त्यानेच काढला. "फोरमन पंचेचाळीसाव्या वर्षी चॅम्पियन झालो. मी तर अजून छत्तीसचो."

खोटं नाही. १९९४ साली जॉर्ज फोरमनने हेवीवेट जगज्जेत्या मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं. पण तोपर्यंत तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर मागे होता. एका ठोशाने त्याला तारलं. ॲमेच्युअरमध्ये, म्हणजे हौशी बॉक्सिंगमध्ये, तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, सगळा खेळ वेगाचा, आणि चाळिशीनंतर एलिट गटाचं दारच बंद. मला विचाराल तर मेरी कोमचं उदाहरण जास्त जवळचं. २०१८ मध्ये दिल्लीत तिने सहावं जागतिक सुवर्ण घेतलं, तेव्हा तीन मुलांची आई होती. पण ती मधल्या काळात ट्रॉलरवर जाळी ओढत नव्हती.

खांदे मात्र बघण्यासारखे होते, हे कबूल करतो.

सही करायला पेन उचललं तेवढ्यात बायको त्याला म्हणाली, "तुमी डॉक्टरांक ता विजेचा सांगलास?"

तो गप्प. मग तीच सांगू लागली. "रात्री उठान माका इचारतत, वीज चमाकली काय गो? भायर बघूक गेलंय तर आभाळ मोकळा."

पावसाळ्यात कोकणात कुणाला कडेला लखकन् उजेड दिसला, तर तो ढगांकडे बघणार, डोळ्यावर कशाला संशय घेईल? मी पेन खाली ठेवलं आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले. अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, तो बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला.

आत अंधार करून डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग धरलं. मधला भाग स्वच्छ. मग त्याला वर, डावीकडे बघायला सांगून पापणीवरून डोळा हलकेच दाबला, तशी पडद्याची, म्हणजे रेटिनाची, कड आत आली. डाव्या डोळ्यात वर, बाहेरच्या बाजूला हॉर्सशू टेअर. नालाच्या आकाराची फाट, तिची पाकळी आतल्या जेलीने ओढून धरलेली. ती ओढ बसली की पडद्याला उजेड दिसल्याचा भास होतो; त्याची वीज ती हीच. फाटीतून पाणी मागे शिरलं की पडदा भिंतीवरच्या पोपड्यासारखा सुटत जातो. मधल्या भागापर्यंत तो सुटेस्तोवर तक्त्यावर सिक्स बाय सिक्सच येतं. म्हणून नुसता तक्ता वाचून घेऊन फिटनेसवर सही देणं मला पटत नाही, आणि तशा सह्या सर्रास होतात.

त्याच दुपारी लेसर केला. फाटीभोवती डागांच्या तीन रांगा. ते डाग पक्के धरायला दोनेक आठवडे लागतात, तोवर वजन उचलायचं नाही, धावायचं नाही, पॅडवरही हात चालवायचा नाही, असं बजावलं. फॉर्मवर 'अपात्र' लिहिलं, खाली कारण लिहिलं. तो फॉर्म त्याने वाचला, घडी घातली, बोलला काहीच नाही.

तपासणीला आला तेव्हा मात्र तयारीने आला होता. मोबाईल पुढे केला. "शुगर रे लेनर्ड. १९८२ साली रेटिना सुटलो, ऑपरेशन झाला, आणि १९८७ साली हॅगलराक हरवल्यान. तुमी ह्या माका सांगूक नाय."

मुद्दामच सांगितलं नव्हतं. लेनर्ड या अमेरिकन बॉक्सरची कथा डोळ्यांचे सगळे डॉक्टर जाणतात आणि बॉक्सरसमोर कुणी काढत नाही. मी म्हटलं, लेसर छान बसलाय, पण तुझ्या उजव्या डोळ्यातही पडद्याच्या कडेला एक विरळ पट्टा आहे, तिथे उद्या नवी फाट पडू शकते. माझी सही मिळणार नाही, आत्ताही नाही आणि सहा महिन्यांनीही नाही. मुलांना शिकव, स्वतः ठोसे खाऊ नकोस.

"दुसऱ्या डॉक्टरान सही केल्यान तर?"

"करेल कदाचित. थेंब न घालता."

तो बायकोकडे वळला. "फॉर्म खंय आसा गो?"

"माझ्याकडे," ती म्हणाली, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारू लागली.