गटारीच्या रांगेतून आलेला फोन

आषाढ अमावस्या म्हणजे आम्हा व्यसनमुक्तीवाल्यांची परीक्षाच. पंचांगात ती दिव्यांची अवस, लोकांच्या तोंडी गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून आज पिऊन घ्यायची. त्या दिवशी मी आणि काका केंद्रावर उशिरापर्यंत थांबतो. काका आमचे ज्येष्ठ समुपदेशक. १९ वर्षं दारूला शिवलेले नाहीत, त्याआधी मात्र १९ वेळा तरी सोडून पुन्हा धरली होती.

सातच्या सुमाराला फोन वाजला. मागे प्रचंड गलका, कुणीतरी ओरडतंय, "ए, लायनीत ये." आवाज आमच्या एका जुन्या पेशंटचा होता. नाव सांगत नाही, टेम्पो चालवतो एवढं पुरे. आमच्याकडून जाऊन ११ महिने झाले होते.

"मॅडम, दुकानासमोर उभा आहे. घेणार आहे. फक्त तुम्हाला सांगून घेतो म्हटलं."

मी "अरे, थांब, असं करू नकोस" एवढंच म्हणाले असेन, तेवढ्यात काकांनी हात पुढे करून फोन घेतला.

"पुढे किती जण आहेत रे?"

तिकडे बहुतेक माना मोजल्या गेल्या. "पंधरा-सोळा."

"बरं. दुपारी काय जेवलास?"

जेवला नव्हता. सकाळपासून दोन चहा, वर टायर पंक्चर, वर घरी भांडण. भूक, राग, एकटेपणा, थकवा. ग्रुपमध्ये आम्ही ही चार नावं लोकांना पाठ करायला लावतो, कारण बहुतेक पाय याच चार ठिकाणी घसरतात. याचे चारही भरलेले. काका मात्र त्यातलं काहीच बोलले नाहीत. "पुढे दहा राहिले की सांग," म्हणाले आणि टेम्पोत माल कोणता होता ते विचारू लागले. तलफेची लाट चढते तशी उतरतेही, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. त्या दिवशी दुकानातली गर्दी आमच्या बाजूने होती.

मग काकांनी विचारलं, "गोळी कधी घेतलीस शेवटची?"

"परवा. आता नाही घेत."

काकांचा चेहरा बदलला. पेशंट डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायसल्फिरामवर होता, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात त्या गोळीवर. ही गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि त्यावर दारू गेली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, क्वचित जीवही जातो. (म्हणूनच 'न सांगता दारू सोडवा' छाप जाहिराती पाहिल्या की माझं डोकं फिरतं. याच्या बायकोनेही पूर्वी कसलीतरी पावडर आमटीत कालवली होती. त्याला ते कळलं आणि तो घरी जेवायचाच बंद झाला.) काकांनी धोका दोन वाक्यांत सांगितला, आवाज न चढवता. मी तोवर दुसऱ्या फोनवरून त्याच भागातल्या आमच्या ग्रुपमधल्या एकाला बाईक काढायला लावली. रांगेत पुढे पाच जण उरले असताना तो पोचला.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ. तिची सुरुवातही एका फोनपासूनच झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एकीकडून बारमधला कलकलाट, दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन निवडला, आणि त्यातून डॉ. बॉब भेटले, तेही पिणारेच. काका ही गोष्ट दर मीटिंगला सांगतात. मी ती शंभरदा ऐकली असेल, पण कानात गलका घेऊन पहिल्यांदाच.

आमचा टेम्पोवाला केंद्रावर आला, मागोमाग रिक्षाने त्याची बायकोही आली. भांडण कशावरून, तर वासावरून. ११ महिने झाले तरी तो दारात आला की ती जवळ जाऊन तोंडाचा वास घेते. त्या दिवशी उशीर झालेला. घासलेले दिवे पाटावर मांडलेले, कणकेचे गोड दिवे उकडून तयार. तिने वास घेतला. काही आला नाही, तरी दिराला फोन लावला.

"न पिता पिण्याची शिक्षा भोगायची, तर पिऊनच भोगतो," तो म्हणाला.

मला त्याचं पटत होतं. वहिनींना चार शब्द सुनवायचे असं मी ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात त्या स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, वास आला तर कळतं तरी काय झालंय. नाही आला की मला जास्त भीती वाटते."

मी गप्प. तो १४ वर्षं प्यायला, ५ आठवडे आमच्याकडे राहिला, गोळ्या, ग्रुप, फॉलोअप सगळं त्याला. त्याच १४ वर्षांत संध्याकाळी सहानंतर हिचे कान फाटकाकडे लागलेले असायचे. हिच्यासाठी आम्ही काय केलं? डिस्चार्जच्या दिवशी अर्धा तास सूचना दिल्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. आमच्याकडे तसा गट महिन्यातून एकदा, तोही सकाळी अकराला भरायचा. त्या वेळेला या धुणीभांडी करत असतात. कुणी विचारलंच नव्हतं.

काकांनी स्वतःच्या घरचं सांगितलं. "आमची तीन वर्षं घेत होती वास. रोज. मी तोंड पुढे करायचो."

"मग थांबल्या कशा?" वहिनींनी विचारलं.

"सर्दी झाली तिला. आठ दिवस नाक बंद. नंतर राहूनच गेलं."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. तो हसला नाही, पण खाली बसला. स्वयंपाकघरात मटकीची उसळ आणि चपात्या उरल्या होत्या. दोघांना वाढलं. तो पाच चपात्या खाऊन उठला. बायकांचा गट रविवारी संध्याकाळी घ्यायचा हे मी तिथेच वहीत लिहून टाकलं.

निघताना टेम्पोचं दार उघडून तो थांबला, बायकोकडे वळला आणि स्वतःच तोंड पुढे केलं, "हाऽ."

"उसळीचा येतोय," ती म्हणाली आणि वर चढली.