सासवडच्या माळ्यांचं माळीनगर, तुकोबांच्या वाटेवर

आमचं घर सासवडचं. माउलींची पालखी दिवेघाट चढून सोपानकाकांच्या गावी मुक्कामाला येते, त्यामुळे आम्ही भावंडं माउलींच्याच सोहळ्यात वाढलो. यंदा मात्र मी तुकोबांच्या पालखीबरोबर चाललो. ती वाट माळीनगरवरून जाते, आणि माझ्या आजोबांचे थोरले भाऊ ऊस लावायला म्हणून घर सोडून गेले ते तिथेच राहिले. त्यांचं गाव मला पायी जाऊन बघायचं होतं.

पाटस मागे पडलं की रोटीचा घाट लागतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, मृदंगाचा ठेका वाढतो, आणि घाट चढून वर आलं की रान पालटतं. मुरमाड माळ, बाभळी, पावसाची वाट बघत पडलेली बाजरीची पट्टी. उंडवडी गवळ्याची हे मुक्कामाचं गाव. टँकर आल्यावर तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं. सासवडच्या माणसाला ही कोरडी हवा ओळखीची. आमची कऱ्हासुद्धा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते.

दुसऱ्या दिवशी बारामती. तिथून पुढे उसाचे मळे सुरू झाले, ते पार पंढरपूरपर्यंत साथीला होते. काटेवाडीला परीट समाजाने धोतरांच्या पायघड्या घातल्या, रथाभोवती मेंढ्या धावल्या. त्यानंतर मी पाटाच्या कडेला बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

हा नीरेचा डावा कालवा. 1876 च्या दुष्काळात याचं काम निघालं, 1885 साली पाणी सुटलं आणि 1892 मध्ये भाटघरचं धरण पुरं झाल्यावर त्याला बारमाही आधार मिळाला. सरकारचा हिशेब असा की दुष्काळी पट्ट्यातले शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी घेतील. पण बऱ्या पावसाच्या वर्षी काळ्या रानातली ज्वारी पाण्यावाचूनही येते. मग पाणीपट्टी कोण भरणार? पाणी वाहत होतं आणि घेणारे थोडे होते. अशा वेळी सासवडचे माळी इथे उतरले. कऱ्हेकाठी विहिरीवर मोट धरून थेंब थेंब पाणी फिरवणारी ही माणसं, त्यांना वाहता पाट म्हणजे केवढं अप्रूप वाटलं असेल! त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, पेंडीचं खत घातलं, ऊस लावला आणि गुऱ्हाळं टाकली. आमच्या घरात अजून एक जुनी काहील, उसाचा रस आटवायची मोठी कढई, पालथी पडून आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर चढून खेळायचो. तिने किती गूळ पाहिला असेल हे तेव्हा कुठे सुचत होतं.

सगळं गोड झालं नाही. निचरा नसलेल्या रानात पाणी मुरत गेलं, मीठ वर आलं आणि चांगल्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झाल्या. पाण्याची ही दुसरी बाजू कालव्याच्या कौतुकात राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. नवे कालवे निघाले तसे माळी तिकडे सरकत गेले: गोदावरी, प्रवरा आणि मग नीरेचा उजवा कालवा.

सराटीला पहाटे पादुकांना नीरास्नान झालं. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सोलापूर लागतो. त्याच नीरेच्या पाण्यात मीही बुडी मारली. अकलूजला गोल रिंगण आणि मुक्काम.

सकाळी माळीनगर. जुन्या गावाला पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वस्तीची जागा असते, गावकूस असते, वेशीवर मारुती असतो. माळीनगर तसं वसलंच नाही. मंदीत गुळाचे भाव कोसळले, 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि गूळ करणाऱ्या या माळ्यांनी त्याच वर्षी भागभांडवल जमवून साखर कारखाना काढला. नाव ठेवलं 'सासवड माळी शुगर फॅक्टरी'. सहकारातला पहिला म्हणून गाजलेला प्रवरानगरचा साखर कारखाना निघायला अजून दीड दशकाहून अधिक काळ होता. कारखान्याभोवती घरं झाली, शाळा झाली, गाव झालं. सासवड मागे राहिलं, पण नाव त्यांनी बरोबर आणलं. ती पाटी वाचताना माझा गळा दाटून आला.

आषाढात कारखाना बंद असतो. धुराड्यातून धूर नव्हता, शेजारच्या रानात आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या उसाच्या, लागणीसाठी सऱ्या पाडून ठेवलेल्या. रस्त्यावरच उभं रिंगण. दिंड्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, टाळांचा एकच गजर झाला आणि मधून अश्व दौडत गेले. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मीही चिमूटभर उचलली आणि रुमालात बांधली.

गर्दी पांगल्यावर एका ओट्यावर टेकलो. घरातल्या आजींनी पाणी दिलं, मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"माउली, गाव कोणतं?"

"सासवड, आजी."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग पाव्हणा कसला? घरचाच की तू." आत वळून सुनेला म्हणाल्या, "अगं, आपल्या गावचं माणूस आलंय, दूध तापव." त्यांचा जन्म इथलाच. सासवड त्यांनी लहानपणी एकदा पाहिलेलं, सोपानकाकांच्या देवळात. कऱ्हेला पाणी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "पाऊस झाला की येईल."

दूध संपवून त्यांच्या पाया पडलो. बोरगावच्या मुक्कामाला निघालेली दिंडी बरीच पुढे गेली होती. झपाझप चालत मी ती गाठली.